चित्रे : राम वाईरकर

आई यंदा फेब्रुवारीत आली. स्टेट कॉलेजला येण्यासाठी याहून वाईट महिना शोधूनही सापडणार नाही. अंगणात गुडघाभर बर्फ, झाडांचे नुसते सांगाडे, माउंट निटनी धुक्यात गायब. साताऱ्याहून आलेली माझी आई स्वेटरवर शाल गुंडाळून खिडकीत बसायची आणि रोज एकदा तरी विचारायची, "अरे, इथली माणसं असतात कुठे?" मी सांगायचो, ऑगस्टमध्ये विद्यापीठ सुरू झालं की ये, मग कॉलेज अव्हेन्यूवर चालायला जागा मिळणार नाही. तिला ते काही पटायचं नाही.

भारतातून कुणी आलं की बॅग उघडण्याचा सोहळा असतो, तो तुम्हाला वेगळा सांगायला नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बायकोसाठी दोन साड्या, लेकीसाठी परकर-पोलकं (दोन वर्षांपूर्वीच्या मापाचं). आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात बांधून सुतळी आवळलेला एक गठ्ठा. तेवीस किलोंच्या हिशोबात तीन किलो याच गठ्ठ्याचे होते. सुतळी सोडली आणि मी जागच्या जागी नऊ वर्षांचा झालो. अमर चित्र कथा! काही मराठी, काही इंग्रजी. काहींची मुखपृष्ठं गायब, काहींना बाबांनी घातलेलं खाकी कव्हर, आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरात माझं नाव, इयत्ता, तुकडी.

"माळा आवरताना सापडलं," आई म्हणाली. "रद्दीत घालणार होते. म्हटलं, पोरीला होतील."

पोर दुसरीत आहे. मराठी बोलते, पण इंग्रजी क्रियापदांना "करणे" जोडून. मराठी वाचन अजून काना-मात्रा-वेलांटीपाशीच अडखळतं. साहजिकच तिने इंग्रजी अंक उचलला, तो नेमका 'कृष्ण'. मला वाटलं आता ती पूतनेच्या पानाकडे धावेल, कारण मी तसंच करायचो. पण ती पहिल्या पानावरच थांबली. इथे शाळेत अगदी बालवाडीपासून शिकवतात की पुस्तक उघडलं की आधी दोन नावं वाचायची, लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचं. गावातल्या श्लो लायब्ररीत मुलांना गोष्ट वाचून दाखवतात तिथेही हाच रिवाज. तिने बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, "राम... वा... ईर... कर." मग मान वर करून, "बाबा, हे आपल्यातले आहेत?"

महाराष्ट्रात हा प्रश्न कोणत्या अर्थाने विचारला जातो हे तिला बिचारीला ठाऊक नाही. तिला एवढंच म्हणायचं होतं, की "कर" आहे शेवटी, म्हणजे मराठी का?

मी हो म्हणालो खरा, पण आतून चरकलो. हा अंक मी शंभर वेळा तरी वाचला असेल. कालियाच्या फण्यांवर नाचणारा कृष्ण वहीच्या मागच्या पानावर शंभर वेळा गिरवला असेल. पण हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

त्या आठवड्यात ऑफिसात जेवताना मी हा किस्सा सांगितला. आमच्या टीममध्ये साठीला आलेला एक ब्रिटिश सहकारी आहे, साउथपोर्टच्या बाजूचा. तो सहसा क्रिकेट सोडून माझ्याशी काही बोलत नाही. पण कॉमिक्स म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. त्याच्या मोठ्या भावाकडे 'ईगल' नावाच्या साप्ताहिकाचे गठ्ठे होते म्हणे, आणि तेही असेच माळ्यावर. ईगल हे नाव मी ऐकलं नव्हतं. त्याने अर्धा तास माझा डबा थंड केला, पण जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. नंतर मी वाचून पाहिलं, तर त्याच्या सांगण्यात फारशी भर नव्हती.

गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात अमेरिकन भयकथांची कॉमिक्स येऊ लागली. साउथपोर्टजवळच्या एका चर्चचे धर्मगुरू, मार्कस मॉरिस, यांना ती पाहून काळजी वाटली. १९४९ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात त्याविरुद्ध लेख लिहिला. पण ते नुसत्या लेखावर थांबले नाहीत. मुलांना चित्रांची भाषा आवडते ना, मग त्याच भाषेत चांगलं काही देऊ, असं त्यांनी ठरवलं. फ्रँक हॅम्पसन नावाचा तरुण चित्रकार त्यांना भेटला. हल्टन प्रेस या लंडनच्या प्रकाशन कंपनीने हात दिला आणि १४ एप्रिल १९५० ला 'ईगल'चा पहिला अंक निघाला. हॅम्पसनचा नायक डॅन डेअर, अंतराळात जाणारा वैमानिक. सुरुवातीच्या कच्च्या आराखड्यात तो चक्क धर्मगुरू होता! मग कुणाला तरी सुबुद्धी सुचली. मागच्या पानावर मात्र संतांची आणि थोरांची चरित्रं चित्रांतून येत. हॅम्पसनचा स्टुडिओ म्हणजे साउथपोर्टमधली एक जुनी बेकरी. तिथे तो अंतराळयानांच्या लाकडी-मातीच्या प्रतिकृती करायचा आणि मित्रांना गणवेश घालून उभं करून फोटो काढायचा, का, तर सावली बरोबर पडावी म्हणून.

पुढे कंपनीचं काय झालं ते आम्हा आयटीवाल्यांना समजायला वेळ लागणार नाही. १९५९ मध्ये हल्टन ओढम्सने घेतली, १९६१ मध्ये ओढम्स मिरर गटाने घेतली, आणि १९६३ मध्ये सगळं मिळून आयपीसी झालं. प्रत्येक नव्या मालकाला तो बेकरीतल्या सवयींचा स्टुडिओ खर्चिक वाटू लागला. हॅम्पसन बाहेर पडला. डॅन डेअरवर त्याचा कसलाच हक्क नव्हता. १९६९ मध्ये ईगल दुसऱ्या एका साप्ताहिकात विलीन झालं. हॅम्पसनने पुढे एका तांत्रिक महाविद्यालयात ग्राफिक्स तंत्रज्ञाची नोकरी केली. १९७५ मध्ये इटलीतल्या लुक्का इथल्या महोत्सवात त्याचा मोठा सन्मान झाला, तेव्हा कुठे लोकांना तो आठवला.

"तुमच्या त्या राम...करांचं काय झालं?" सहकाऱ्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी शोधायला लागलो. पेन स्टेटच्या पॅटी लायब्ररीत मी विद्यार्थी असताना रात्र-रात्र काढल्या आहेत, पण सगळ्या अल्गोरिदमपायी. चित्रकथांवरचं काही मागायला मी पहिल्यांदाच गेलो. इथल्या मंडळींना चित्रकथा हा पोरखेळ वाटत नाही, हेही तेव्हाच कळलं. विद्यापीठाची ग्रंथालयं दरवर्षी सर्वोत्तम ग्राफिक नॉव्हेलला लिंड वॉर्ड यांच्या नावाने पुरस्कार देतात, २०११ पासून. विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेची तर चित्रकथांची स्वतंत्र शाखाच आहे. आणि मला हवं असलेलं पुस्तक होतं, करलिन मॅक्लेन यांचं, अमर चित्र कथेवरचं, २००९ साली इंडियाना विद्यापीठाने काढलेलं. लेखिका प्राध्यापक कुठे, तर बकनेल विद्यापीठात, लुइसबर्गला! म्हणजे आमच्या घरापासून रूट ४५ धरून सरळ पूर्वेला साधारण साठ मैल. बोल्सबर्ग, मिलहाइम, मिफलिनबर्ग, वाटेत अमिश लोकांच्या घोडागाड्या. त्या रस्त्याने आम्ही दर शरद ऋतूत भोपळे आणायला जातो. आणि माझ्या माळ्यावरच्या गठ्ठ्याचा अभ्यास करणारी बाई त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

पुस्तक आणलं आणि दोन रात्रीत संपवलं. मग इकडून-तिकडून आणखी वाचलं. आता इतिहास सांगतो, पण माझ्या पद्धतीने.

अनंत पै मूळचे कर्नाटकातल्या कार्कळचे, जन्म १७ सप्टेंबर १९२९. लहानपणीच आई-वडील गेले, मुंबईत वाढले. शिकले रसायन तंत्रज्ञान. (पदवी एका विषयाची आणि जीव दुसऱ्यात, हे आपल्याकडचं जुनंच दुखणं.) १९५४ मध्ये त्यांनी 'मानव' नावाचं मुलांचं मासिक काढून पाहिलं, ते बसलं. मग ते टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात लागले. तिथून मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली. माझ्या पिढीने इंद्रजाल शेवटच्या घटका मोजताना पाहिली, ती १९९० मध्ये बंद पडली. पण काका, मामा लोकांना विचारा. वेताळ, त्याची कवटीची अंगठी, जादूगार मँड्रेक म्हटलं की पासष्टीची माणसं खुर्चीत सरसावून बसतात. मूळ कथेतला वेताळाचा देश 'बंगाली'शी मिळता-जुळता होता, तो आपल्याकडे 'डेंकाली' केला, आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून. भावना तेव्हाही दुखावत होत्या तर!

इंद्रजाल चालत होती, पण नायक सगळे परदेशी. १९६७ च्या फेब्रुवारीत पै दिल्लीला गेले होते. दूरदर्शनवर मुलांची प्रश्नमंजूषा चालली होती, ती त्यांनी पाहिली. ग्रीक देवांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी फटकन दिलं. रामाच्या आईचं नाव विचारलं, तर कुणालाच येईना. ही गोष्ट पैंनी पुढे आयुष्यभर सांगितली. तिला सांगून सांगून थोडी झिलई चढली असेलही, पण ती खोटी वाटत नाही. माझ्या घरातला प्रयोग सांगतो. लेकीला ग्रीक देवता बाराच्या बारा येतात. कौसल्या आलेली आहे, पण ती परवाच, आजीमुळे.

पैंनी कल्पना घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवले. होकार दिला इंडिया बुक हाऊसच्या जी. एल. मिरचंदानींनी. ही कंपनी मुख्यतः परदेशी पुस्तकं आणून वितरित करणारी. आणि इथे एक गंमत आहे. 'कृष्ण' हा मालिकेतला पहिला भारतीय कथेचा अंक, पण त्याचा क्रमांक ११! आधीचे दहा कुठे गेले? तर कंपनीच्या बंगळुरू शाखेने आधीच पाश्चात्य परीकथांचे दहा अंक कन्नडमध्ये काढले होते. सिंड्रेला वगैरे. बंगळुरूकरांचं म्हणणं, मालिकेची मूळ कल्पनाच आमची. कंपनी म्हटली की दोन संस्थापक आणि तीन जन्मकथा असायच्याच. आम्ही प्रोग्रामर लोक शून्यापासून मोजतो, हे अकरापासून मोजले, एवढाच फरक.

सुरुवातीला खप रडतखडत होता. पै शाळाशाळांतून फिरले, मुख्याध्यापकांना पटवलं. कॉमिक्स म्हणजे वाया जाण्याचा मार्ग, असं मानण्याचा तो काळ. १९७८ मध्ये दिल्लीतल्या शाळांमध्ये प्रयोग करून त्यांनी दाखवलं की इतिहास चित्रकथेतून शिकवला तर मुलांना तो चांगला लक्षात राहतो. हळूहळू अंकांची संख्या चारशेच्या वर गेली, भाषा वीसेक झाल्या. आणि परदेशातल्या भारतीयांच्या घरात तर ती पोथीच झाली. इथे कुणाच्याही घरी जा, पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात जाडजूड बांधणीचा संच असतोच. भारतवारीत मुंबई विमानतळावर शेवटच्या क्षणी घेतलेला.

पण लेकीचा प्रश्न मी विसरलो नव्हतो. वाईरकर कोण?

तर राम वाईरकर म्हणजे 'कृष्ण'चे चित्रकार, म्हणजे एका अर्थी सगळ्या मालिकेचा चेहरा ठरवणारा माणूस. एवढंच नाही. १९८० च्या नोव्हेंबरात याच कंपनीने 'टिंकल' काढलं. त्यातला सुप्पंडी, तो लांबट डोक्याचा, सांगितल्या कामाचा भलताच अर्थ काढणारा नोकर, तोही वाईरकरांच्याच हातचा. ज्या हाताने गोपाळकृष्ण काढला त्याच हाताने सुप्पंडी! २००३ मध्ये वाईरकर गेले. त्यांची मुलं अर्चना आणि संजीव हीदेखील चित्रकार. सुप्पंडी पुढे अर्चनाताईंनी काढला. घराण्याचं गाणं असतं तसं हे घराण्याचं चित्र.

मग मी जमिनीवर गठ्ठा पसरला आणि एकेक अंकाचं पहिलं पान वाचत सुटलो. आई म्हणाली, "काय हिशोब तपासतोयस का?" तसंच काहीसं होतं. प्रताप मुळीक. दिलीप कदम. विटणकर. पुन्हा मुळीक. टिंकलमधला शिकारी शंभू, टोपीखाली डोळे कधीच न दिसणारा, तो वसंत हळब्यांचा. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. मला आजवर वाटायचं की ह्या सगळ्या 'भारतीय' चित्रकथा, म्हणजे कुठे तरी वरून, दिल्लीहून वगैरे येत असाव्यात. प्रत्यक्षात रामायण-महाभारतापासून कावळ्यापर्यंत निम्मं गणगोत मराठी हातांनी काढलेलं निघालं. अर्थात सगळेच मराठी नव्हते. बंगालचे सौरेन रॉय होते, युसुफ लीन होते. युसुफ लीन यांनी कबीर, मीराबाई यांच्यासारखे विषय रंगवले. हेही लेकीला मुद्दाम सांगितलं.

सगळ्यात मोठा धक्का 'शिवाजी'ने दिला. चित्रं मुळीकांची. आणि लेखन? भा. रा. भागवत! फास्टर फेणेचे भा. रा.! ज्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' मासिक चालवलं, ते. मी एका हातात फास्टर फेणे आणि दुसऱ्या हातात 'शिवाजी' घेऊन वाढलो आणि दोन्हीकडे एकच माणूस माझ्याशी बोलत होता, हे मला अमेरिकेत पस्तिशी ओलांडल्यावर कळलं. मी आईला ओरडूनच सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग? तुझे बाबा म्हणाले होते की तुला तेव्हा." म्हणाले असतील. मी अफजलखानाच्या पानावर असेन.

'बाबासाहेब आंबेडकर' हा अंकही गठ्ठ्यात होता. लेखन एस. एस. रेगे, चित्रं दिलीप कदम. लहान बाबासाहेबांना पाण्यासाठी, बसण्यासाठी जे सोसावं लागलं ती पानं लेकीने दोनदा वाचली. इथे शाळेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो, रोझा पार्क्स तिला पाठ आहे. तिने आपली आपणच सांगड घातली. मला काही सांगावं लागलं नाही.

सांगावं लागलं ते दुसऱ्याच अंकाच्या वेळी. नाव सांगत नाही, कारण ते कुठल्याही अंकाला लागू पडेल. तिने विचारलं, "बाबा, वाईट माणसं नेहमी ब्राऊनच का आहेत? राजे का नाहीत?" मी पाहिलं, तर खरंच. राक्षस काळेसावळे, नाक फेंदारलेलं. राजकन्या दुधासारख्या गोऱ्या. सावळ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या देवांना निळ्या रंगाने सोडवलेलं. लहानपणी मला हे कधी खटकलंच नाही, कारण आमच्या वर्गात सगळेच कमी-अधिक सावळे होते आणि गोरं ते चांगलं हे हवेतच होतं. माझ्या लेकीच्या वर्गात मात्र ती एकटीच त्या रंगाची आहे. तिच्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही.

या मालिकेवर अशी टीका पूर्वीपासून होत आली आहे. रंगावरून, स्त्रियांच्या चित्रणावरून, मुसलमान पात्रांच्या चित्रणावरून, जातींवरून. मॅक्लेनबाईंच्या पुस्तकातही तिची दखल आहे. मी आधी बचाव करायला गेलो. म्हटलं, त्या काळी छपाईला मोजकेच रंग परवडायचे, छटा काढायला वाव नव्हता. हे अर्धसत्य आहे, आणि सात वर्षांच्या मुलीला अर्धसत्य लगेच कळतं. मग सरळ सांगितलं, की काढणाऱ्यांना तसं वाटत होतं आणि आम्हा वाचणाऱ्यांनाही, आणि ते चूक होतं. तिने जरा विचार केला आणि पेन्सिलींच्या डब्यातून तपकिरी पेन्सिल काढली. मी म्हटलं, "अगं, जुना अंक आहे, रंगवू नकोस." मग स्वतःलाच विचारलं, का नको? पण तेवढ्यात आजीने तिला कोरा कागद दिला होता.

माझ्या धंद्याच्या नजरेने एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या पुस्तकात नाही. मराठी आणि इंग्रजी 'कृष्ण' शेजारी ठेवून पाहा. बोलण्याचे फुगे इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेले. मराठी वाक्य त्यात दाटीवाटीने, अक्षर बारीक करून कोंबलेलं. आम्ही ॲप दुसऱ्या भाषेत नेतो तेव्हा हीच रड असते. बटण "ओके"च्या मापाचं आणि मजकूर तिप्पट. म्हणजे चित्र मराठी माणसाचं, पण फुगा आधी इंग्रजीचा. माझ्या गठ्ठ्यातले इंग्रजी अंक मराठीपेक्षा जास्त का, याचं उत्तर आईने दिलं, "तुझं इंग्लिश सुधारावं म्हणून बाबा ते घ्यायचे." माझ्याच पदरात पडलं.

आता हक्कांबद्दल. अंकांवर हक्क प्रकाशनाचा, सुप्पंडी-शंभूवरही. २००७ मध्ये समीर पाटील आणि श्रीपाल मोराखिया यांच्या एसीके मीडियाने इंडिया बुक हाऊसकडून हे सगळं विकत घेतलं. २०११ मध्ये फ्यूचर ग्रुप आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीला पहिलं कॉमिक कॉन भरलं, तिथे पैंना जीवनगौरव मिळाला, आणि काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला ते गेले. आता ॲप आहे, सगळे अंक त्यावर आहेत. कंपनी हस्तांतरित होते तेव्हा पात्रं, कथा, छपाईच्या फिल्म सगळं एका यादीत जातं. हाताचा वळसा त्या यादीत लिहिता येत नाही.

हे वाचताना मला माझंच नियुक्तिपत्र आठवलं. त्यात एक कलम आहे, मी नोकरीत लिहीन ती प्रत्येक ओळ कंपनीची. मी सही केली तेव्हा ते कलम वाचलंही नव्हतं, व्हिसाच्या तारखेवर लक्ष होतं. गेल्या बारा वर्षांत मी लिहिलेला कोड कुठे कुठे चालतो, मलाच माहीत नाही. तक्रार नाही, पगार वेळेवर मिळतो. वाईरकरांचीही तक्रार होती की नव्हती हे मी कोण ठरवणार? पण निदान त्यांचं नाव पहिल्या पानावर छापलेलं होतं. वाचलं नाही ते आम्ही. माझ्या कोडच्या पहिल्या पानावर तर तेही नाही.

सहकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने 'कृष्ण' चाळायला नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. म्हणाला, गोवर्धन उचलल्याच्या पानावर गाईंचे चेहरे बघ, प्रत्येकीचा वेगळा आहे. मी पाहिलं नव्हतं. रात्री लेकीला दाखवायला गेलो तर तिला आधीच माहीत होतं. तिने त्यांना नावंही ठेवली होती.

मार्च संपत आला. बर्फ वितळून रस्त्याकडेला काळा चिखल झाला. आईची परतीची तारीख जवळ आली. लेकीने आता मराठी अंक हातात घेतला आहे, रोज एक पान, आजीच्या मांडीला टेकून. गोष्ट तिला पाठ आहे, त्यामुळे अर्धं वाचन अंदाजपंचे चालतं. पण सुरुवात मात्र नेमाने पहिल्या पानावरच्या बारीक अक्षरांपासून. 'चि-त्रे' ला ती दर वेळी अडखळते, 'वाईरकर' मात्र सफाईने म्हणते.

परवा तिने आजीला विचारलं, "आजी, अजून आहेत का? भीम? तानाजी?"

"होते की," आई म्हणाली. "चांगले तीस-चाळीस होते. शेजारच्या वहिनींचा मुलगा घेऊन गेला होता सुट्टीत. मी मागितले नाहीत, बरं दिसत नाही म्हणून."

"कधी नेले?"

आईने बोटं मोजली. "हा चौथीत होता. म्हणजे झाली की सव्वीस-सत्तावीस वर्षं. तो आता बंगळुरूला असतो. थांब, वहिनींचा नंबर आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "अगं आई, आता तिकडे पहाटेचे चार वाजलेत."

"असू दे," ती म्हणाली, "उठलेल्या असतात त्या."